मेकॅनिक निघालाय

बायोडेटा एका पानात बसला पाहिजे, असं झेरॉक्सवाल्याचं ठाम मत आहे. त्याने स्वतः कधी नोकरी केलेली नाही, त्यामुळे नोकऱ्यांबद्दलची त्याची सगळीच मतं ठाम आहेत.

"दुसरं पान कुणी उलटत नाही साहेब," तो म्हणाला. "आयुष्यात जे काय केलंय ते एका बाजूला बसवा. बसत नसेल तर अक्षर बारीक करा."

मी म्हटलं, माझी अडचण उलटी आहे, एक पान भरत नाहीये. त्यावर दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. झेरॉक्सवाला मात्र सभ्य माणूस. आवाज खाली आणून म्हणाला, "मग ओळींमधलं अंतर वाढवा."

अंतर वाढवून लिहितो आहे.

नाव

आईवडिलांनी ठेवलेलं एक आहे. पदवीच्या कागदावर ते सुरेख वळणदार अक्षरात छापलेलं आहे. पण ज्या एका नोकरीबद्दल इथे लिहावं असं मला वाटतं, तिथे ते कुणी वापरलं नाही. तिथे मी 'बदली' होतो. "बदली, फोन घ्या." "बदली जेवायला गेलेत का?" एकदा साहेबांच्या पत्नी ऑफिसात आल्या, तेव्हा साहेबांनी ओळख करून दिली, "हे आमचे बदली." त्या म्हणाल्या, "अगबाई, हे आडनाव मी पहिल्यांदाच ऐकलं." साहेबांनी दुरुस्ती केली नाही. मीही केली नाही.

शिक्षण

वनस्पतिशास्त्राची पदवी. कुठलंही पान हातात द्या, त्याचं कूळ सांगतो. आजवर कुणी पान हातात दिलेलं नाही.

पदवीनंतर मी एका नर्सरीत गेलो होतो. मालकाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्हाला झाडांतलं फार कळतं. तुम्ही गिऱ्हाइकाला खरं सांगाल." तिथून परतलो. मग पाण्याचे फिल्टर विकले, म्हणजे विकायला नेले आणि परत आणले. मग एका भावंडांच्या जोडीला शिकवलं, तर त्यांच्या वडिलांनी गावच सोडलं. (माझ्यामुळे नव्हे. निदान तसं ते म्हणाले नाहीत.) या काळाला आमच्या घरात 'सध्या' म्हणतात. "मुलगा काय करतो?" "सध्या असंच." 'सध्या' इतका लांबला की आईने तो शब्द उच्चारताना थांबणंच सोडून दिलं; सध्याअसंच असा एकच शब्द झाला, एखाद्या हुद्द्यासारखा.

उद्दिष्ट

~~माझ्या ज्ञानाला व कौशल्याला वाव मिळेल अशा संस्थेत~~

~~संस्थेच्या प्रगतीबरोबरच स्वतःची~~

एक खुर्ची.

अनुभव

लिफ्टची देखभाल करणारी कंपनी, तिसरा मजला. कंपनी ज्या इमारतीत होती तिथली लिफ्ट दुसऱ्याच कंपनीची होती आणि कायम बंद असे. यावर साहेबांसमोर हसायचं नाही, ही मला तिथे मिळालेली पहिली सूचना. दुसरी सूचना मिळाली नाही.

खोली लांबट. एका टोकाला साहेबांची काचेची केबिन, दुसऱ्या टोकाला मेकॅनिक लोकांचा बाक आणि त्यावर बहुतेक वेळा हेड मेकॅनिक, हातात चहा. मधे तक्रारींचं टेबल, म्हणजे माझं. त्यावर दोन फोन, काळा आणि लाल. काळ्यावर लोक भांडत. लाल फोन लिफ्टच्या आतल्या घंटेच्या बटणाला जोडलेला होता. तो वाजला म्हणजे कुठेतरी कुणीतरी दोन मजल्यांच्या मधे लटकलेलं आहे.

टेबल माझं म्हटलं खरं, पण खुर्ची माझी नव्हती. ती मूळ गृहस्थांची. 'मूळ' हा ऑफिसातलाच शब्द. बदली आला की मागच्याला मूळ म्हणावंच लागतं. मूळ गृहस्थ मणक्याच्या ऑपरेशननंतर लांबलचक रजेवर होते. ते देहाने भारदस्त असावेत, कारण खुर्चीच्या गादीला त्यांच्या बैठकीचा खोल खड्डा पडला होता. मी त्यात बसलो की टेबल थेट हनुवटीला येई. मी खाली जुने कॅटलॉग घालून पाहिले, तर साहेब केबिनमधून बाहेर आले. "गादीचा आकार बिघडवू नका. ते परत आले तर काय म्हणतील?"

त्या 'तर'वर माझं सगळं भवितव्य उभं होतं. साहेबांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं, "हे बघा, ही जागा रिकामी नाही. पण भरलेलीही नाही. रजा संपायच्या आत ते हजर झाले तर जागा त्यांची. नाही झाले तर नवा माणूस घ्यावा लागेल. आणि तुम्ही समोर बसलेले असताना आम्ही आणखी कुणाला कशाला शोधू?"

जागा भरलेली नसल्यामुळे मला ओळखपत्र मिळेना. ओळखपत्र नाही म्हणून गेटवरचा गार्ड मला रोज भेटायला आलेल्यांच्या वहीत लिहायला लावी. नाव. कुठून आलात. कोणाला भेटायचंय. मी साहेबांचं नाव लिहीत असे. पुढे साहेबांनी हरकत घेतली की रोज एकच माणूस मला भेटायला येतो हे वर दिसायला बरं दिसत नाही. मग मी तिथे स्वतःचंच नाव लिहायला लागलो. गार्ड वाचून म्हणाला, "स्वतःला भेटायला आलात?" मी हो म्हटलं. "आहेत का आत?" त्याने विचारलं. गमतीत नव्हे, तो कामात गंमत करणारा माणूसच नव्हता.

तक्रारीच्या प्रत्येक कागदावर माझी सही मूळ गृहस्थांच्या छापील नावाच्या वर असे आणि तिच्यापुढे लिहावं लागे: 'करिता'. त्या काळात मी इतक्यांदा 'करिता' लिहिलं, की माझ्या सहीपेक्षा ते अक्षर जास्त सुबक येऊ लागलं.

अनुभव, पुढे चालू

घरी बातमी कळताच बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "कायम होणार?"

"ते परत आले नाहीत तर."

"कसे आहेत ते?"

हा प्रश्न आमच्या घरात शिरला तो मुक्कामालाच. मी दारात बूट काढतोय तोवर बाबा वर्तमानपत्राआडून विचारत, "कसे आहेत ते?" आई तर सख्ख्या भावाच्या दम्याची करत नव्हती इतकी त्यांच्या मणक्याची चौकशी करी. पण ती मनाने देवभोळी, तिला अपराधी वाटायचं. ती म्हणायची, "बरं वाटू दे हो त्यांना." आणि जरा थांबून, "सावकाश."

शेवटी समोरच्या पेन्शनरांनी यात लक्ष घातलं. समोरचे पेन्शनर एका बँकेतून निवृत्त झालेत आणि त्यांचे दोन्ही मुलगे कायम आहेत. कायम मुलांच्या बापाला सल्ला द्यायचा जो अधिकार असतो तो ते दारात उभे राहूनच वापरतात. आत येत नाहीत, बसत नाहीत.

"अरे, घरबसल्या अंदाज बांधून काय उपयोग?" ते म्हणाले. "जाऊन बघून ये. आजारी माणसाला बघायला जाण्यात वाईट काय आहे? चांगलंच दिसतं."

"काय बघू?"

"जोडे."

आम्ही तिघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आजारी माणसाचा चेहरा बघू नये, फसवतो. जोडे बघावेत. दाराशी असले तर माणूस उठतो, फिरतो. कपाटात गेले असले तर बराच वेळ आहे. माळ्यावर गेले असले..." त्यांनी हात झटकले. "तर आपलं काम झालं."

आईने सफरचंदं आणली. त्यावरही चर्चा झाली. चांगली घ्यावीत तर उगाच ताकद यायची, वाईट घ्यावीत तर आपली अब्रू. तिने मऊ घेतली. "चावायला बरी," ती म्हणाली, आणि पिशवी माझ्या हातात देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मूळ गृहस्थांचं घर एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावर. दार त्यांच्या पत्नीने, काकूंनी उघडलं. मी 'त्यांच्या जागी' आलोय हे सांगताना माझा आवाज चिरकला, पण त्या एवढंच म्हणाल्या, "या ना. ऑफिसातून कुणी येतच नाही." आत जाताना मी दाराशी नजर टाकली. जोडे नव्हते. उघड्या कपाटाकडे टाकली. नव्हते. मग वर पाहिलं. माळ्याच्या कडेला एक पिशवी, आणि पिशवीतून बाहेर आलेलं जोड्याचं एक काळं टोक.

सांगायला लाज वाटते, पण माझ्या छातीत काहीतरी हलकं झालं.

काका (मी त्यांना काका म्हणायला लागलो, 'मूळ' कसं म्हणणार?) भिंतीकडे तोंड करून पडले होते. भारदस्त देह नुसता आकाराला उरला होता, गादीवर घातलेल्या मोठ्या सदऱ्यासारखा. काकू म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, पाठ बरी झालीय, आता चालायला हवं. पण उठायचं मनच नाही. दिवसभर ही भिंत." काकूंनी हाक मारली, तरी ते वळले नाहीत. मी खुर्चीच्या टोकावर बसलो. शांतता माझ्याच्याने सहन होत नाही, म्हणून मी ऑफिसातलं काहीतरी बोलू लागलो. काय बोलावं? त्या सकाळीच माझी फजिती झाली होती, तीच सांगितली. एक बाई लिफ्टमधे अडकल्या होत्या, त्यांनी विचारलं किती वेळ लागेल, मी म्हटलं पाच मिनिटं. पाच मिनिटांनी त्यांनी जी किंकाळी फोडली, ती लाल फोनमधून केबिनपर्यंत ऐकू गेली.

भिंतीकडचं डोकं हललं.

"वेळ सांगितलीस?"

"त्यांनी विचारली म्हणून..."

"वेळ सांगितलीस!" काका वळले. वळताना कण्हले, पण वळले. "अरे गाढवा, वेळ कधी सांगायची नसते! तू सांगितलेली वेळ संपली की तो माणूस आत अडकलेला राहत नाही, विसरला गेलेला होतो! फरक कळतो का?"

काकू धावत दारात आल्या. त्यांच्या हातातून सुरी पडली. सफरचंद कापत होत्या.

"आधी नाव विचारायचं," काका कोपरावर उठत म्हणाले. "मग आत दिवा आहे का विचारायचं. मग दारापासून लांब उभं राहायला सांगायचं. 'घाबरू नका' म्हणायचं नाही, त्याने माणूस घाबरतो. आणि म्हणायचं, मेकॅनिक निघालाय."

"पण मेकॅनिक समोर बाकावर चहा पीत असतो!"

"असतो की. त्याच्या देखत म्हणायचं. तू एकदा म्हणालास की त्याला निघावंच लागतं."

ते दमून पुन्हा पडले, पण या वेळी तोंड आमच्याकडे करून.

दुसऱ्या दिवशी लाल फोन वाजला तेव्हा मी हेड मेकॅनिककडे बघत म्हणालो, "मेकॅनिक निघालाय." हेड मेकॅनिकने कप ओठाशी थांबवला, मला एक शिवी दिली, आणि उठला.

छंद

आजारी माणसांना भेटणं.

कौशल्ये

इथे माझं एकच कौशल्य लिहिण्यासारखं आहे, आणि त्यातच माझा घात झाला. मी चुका करतो.

जागा टिकवायची तर काम यायला हवं. काम यायला काकांना विचारायला हवं. विचारलं की काकांना माझ्या अज्ञानाचा संताप येई, आणि संताप त्यांना कुठल्याही गोळीपेक्षा जास्त मानवे. एकदा मी सांगितलं की एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी लिफ्टचं दार जोर लावून उघडून बघायला सांगितलं, तर काका पाय खाली सोडून बसले. एकदा सांगितलं की काळ्या फोनवर भांडणाऱ्याशी मीही भांडलो, तर त्यांनी उठून, खिडकीचा गज धरून, मला मूर्ख म्हटलं. उभे राहून! काकूंनी डोळ्याला पदर लावला. "तुम्ही आलात की ते माणसात येतात हो," त्या मला दारापर्यंत पोचवताना म्हणाल्या. "येत जा."

मी दाराशी वाकून बूट घालत होतो. शेजारी त्यांचे जोडे दिसले. माळ्यावरून कपाटात, कपाटातून दाराशी. धूळ झटकलेली.

घरी समोरच्या पेन्शनरांनी विचारलं, "जोडे?"

"दाराशी."

त्यांनी बोटांवर रजेचे उरलेले दिवस मोजले. मग बाबांना म्हणाले, "तुमचा मुलगा तिकडे बघायला जातो की बरं करायला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी जाणं बंद केलं. ठरवून. काम आता बऱ्यापैकी येत होतं, लाल फोनची भीती गेली होती. साहेब एकदा जाता जाता "ठीक चाललंय" म्हणाले आणि मी ते वाक्य घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. रजा सरत आली होती. आईने मला ऑफिसासाठी नवा शर्ट घेतला. तो न वापरता घडी घालून ठेवला होता, कायम झाल्यावर घालायचा म्हणून.

आरोग्य

उत्तम. (कुणाचं ते पुढे येईल.)

एका दुपारी काळा फोन वाजला. मी भांडणाच्या तयारीने उचलला.

— नमस्कार. लिफ्ट तक्रार विभाग.

— मी अडकलोय.

— नाव काय आपलं? कुठली इमारत?

— घरी.

— घरी म्हणजे?

— अरे मी बोलतोय. मूळ.

— काका? हा तक्रारीचा नंबर आहे काका.

— मग? माझी तक्रारच आहे. तुझी काकू बहिणीकडे गेलीय. म्हटलं आपण एकट्याने दारापर्यंत जाऊन बघू. मधेच बसलो. आता पलंगही लांब आणि दारही लांब. फोन कसाबसा ओढून घेतला.

— दुखतंय का?

— दुखत नाही. पाय ऐकत नाहीत. भीती वाटतेय रे.

आता इथे मी काहीतरी विचार केला असं लिहायला हवं. समोरचे पेन्शनर माझ्या जागी असते तर त्यांनी केला असता. मी फोन ठेवून दिला असता तर तो माणूस जमिनीवर बसून राहिला असता, काकू आल्यावर घाबरून त्यांनी त्याला पुन्हा पलंगावर घातलं असतं, जोडे पुन्हा वर गेले असते, आणि रजा संपायला थोडेच दिवस उरले होते. पण खरं सांगायचं तर मी काहीच विचार केला नाही. तोंडातून सवयीने आलं,

— आत दिवा आहे का?

पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेल्याची खरखर. मग,

— आहे.

— भिंत जवळ आहे?

— हात पोचतोय.

— मग पाठ भिंतीला टेकवा. दारापासून जरा लांब आहात ते बरंच आहे. मी बोलतोय तुमच्याशी. मेकॅनिक निघालाय.

हे मी हेड मेकॅनिककडे बघत म्हणालो. त्याने बाकावरून विचारलं, "कुठली इमारत?" मी फोनवर हात धरून सांगितलं. तो उठला, वाटेत थांबला, "तिथे लिफ्टच नाही," म्हणाला, आणि तरीही गेला.

तो पोचेपर्यंत मी बोलत राहिलो. काकांनी दोनदा विचारलं किती वेळ लागेल, मी दोन्ही वेळा वेळ सांगितली नाही. त्याऐवजी त्यांना विचारलं की वाळलेल्या पानाचं कूळ कसं ओळखायचं हे माहीत आहे का. "नाही," ते म्हणाले. तर मग मी त्यांना शिरांबद्दल सांगितलं. समांतर शिरा, जाळीदार शिरा. आयुष्यात पहिल्यांदा माझी पदवी कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेत होतं. मधेच ते म्हणाले, "थांब, मी भिंतीला धरून उभा राहतोय." मग नुसता श्वास ऐकू आला. मग लांबून, "दाराशी आलो रे!" आणि दार वाजल्याचा आवाज, आणि दार त्यांनीच उघडल्याचा.

काचेच्या केबिनमधे साहेब उभे राहून बघत होते. "कुठली लिफ्ट?" त्यांनी खूण करून विचारलं. मी रजिस्टरमधे सही केली आणि सवयीने पुढे लिहिलं: करिता.

घरी सांगितलं. सांगायला नको होतं. बाबा म्हणाले, "म्हणजे ते स्वतः चालले."

"हो."

"तू सांगितलंस म्हणून."

"हो."

"बरं केलंस," बाबा म्हणाले. पाहुण्यांच्या हातून कपबशी फुटल्यावर आपण त्यांना "असू दे हो" म्हणतो ना, तसं.

नोकरी सोडण्याचे कारण

रजा संपायच्या आत काका हजर झाले. जोडे पॉलिश केलेले. पण त्यांचं ओळखपत्र दरम्यान मुदत संपून रद्द झालं होतं, आणि गार्डने त्यांना आत सोडलं नाही. "कोणाला भेटायचंय?" त्याने विचारलं. काका भडकले. मी मागून पोचलो, वहीत दोघांचीही नावं लिहिली आणि 'कोणाला भेटायचंय' या रकान्यात त्यांच्यापुढे माझं आणि माझ्यापुढे त्यांचं नाव घातलं. गार्डने वाचलं आणि पहिल्यांदाच समाधानाने मान हलवली. हिशेब जुळत होता.

जिन्यात मी काकांना हात दिला. तिसऱ्या मजल्यापर्यंत ते प्रत्येक वळणावर थांबले आणि प्रत्येक थांब्यावर या इमारतीच्या लिफ्टला शिव्या घातल्या. वर गेल्यावर ते खुर्चीत बसले. खड्ड्यात बरोबर बसले. गादीने उसासा टाकला, मी ऐकला.

थोडे दिवस मी दरम्यान आलेल्या नव्या संगणकावर तक्रार कशी नोंदवायची ते त्यांना शिकवलं, उभा राहून, कारण दुसरी खुर्ची नव्हती. मग साहेबांनी आत बोलावलं.

"तुम्ही चांगलं काम केलंत. त्यांना तर अक्षरशः उभं केलंत."

"अनुभवाचं प्रमाणपत्र मिळेल का?"

साहेब खरोखर कष्टी झाले. "त्याचं असं आहे... आमच्याकडे नोंद तुमच्या नावाची नाहीच. तक्रारीचे कागद त्यांच्या नावाचे, तुमचं फक्त 'करिता'. तुमचं नाव आहे ते गेटच्या वहीत." त्यांनी ती वही मागवलेलीच होती. पानं उलटत म्हणाले, "यावरून एवढंच दिसतं की तुम्ही आमच्याकडे रोज भेटायला येत होता."

"स्वतःला," मी म्हटलं.

"हो, ते जरा विचित्र आहे," साहेब म्हणाले. "ते मी कुठे बोलणार नाही."

निघताना काका लाल फोनवर होते. कुणाला तरी आत दिवा आहे का विचारत होते. त्यांनी हात वर केला, थांब म्हणून. पण अडकलेल्या माणसाशी बोलणं मधेच तोडता येत नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. मी थांबलो नाही.

भाषा

लिहिता, वाचता, बोलता येतात. पण त्यानंतर मी बराच काळ कुठलीच वापरली नाही.

खोलीत पडून असे. आमच्या घराची भिंत निळी आहे; एका ठिकाणी पोपडा निघालाय, त्याचा आकार पाच टोकांच्या पानासारखा आहे, आणि त्याचं कूळ काही केल्या ठरेना. आई दारात येऊन जाई. बाबा आता काहीच विचारत नसत. समोरचे पेन्शनर एकदा दारात उभे राहून म्हणाले, "एखादा कोर्स कर म्हणावं," आणि निघून गेले. नवा शर्ट घडी न मोडता आतल्या कपाटात गेला. बूटही रोज पायांत येतात म्हणून आईने आधी कोपऱ्यात सारले, मग फडक्यात गुंडाळले. पुढे कुठे ठेवले ते मी विचारलं नाही.

संदर्भासाठी

दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावं द्यावीत, असं झेरॉक्सवाला म्हणतो. नातेवाईक चालत नाहीत. माझ्याकडे एकच व्यक्ती आहे.

सुट्टीच्या दिवशी दार वाजलं. बाहेर आईचा आवाज, मग एक जड पाऊल, मधे थांबत येणारं. "आतच आहे. उठतच नाही हो," आई म्हणत होती. मग तिचा आवाज फुटला. "काही खात नाही, बोलत नाही. तुम्हीच बघा."

खुर्ची कुरकुरली. टेबलावर पिशवी ठेवल्याचा आवाज. सफरचंदांचा वास आला, मऊ असावीत. मी भिंतीकडे तोंड करून पडून होतो.

काकांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. मला वाटलं, आता म्हणतील घाबरू नकोस, होईल सगळं नीट, तुझं वय काय. सगळे म्हणतात. मी पाठ ताठ केली.

"बूट कुठे आहेत याचे?" त्यांनी आईला विचारलं.

तिने बहुधा वर बोट दाखवलं.

"खाली काढा," काका म्हणाले. मग स्टूल ओढल्याचा, धूळ झटकल्याचा आणि शेवटी माझ्या पलंगापाशी दोन बूट ठेवल्याचा आवाज. एक, मग दुसरा.

"नाव काय आपलं?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं. वनस्पतिशास्त्राच्या कागदावर आहे तसं, पूर्ण.

"आत दिवा आहे?"

"आहे."

"दारापासून किती लांब आहात?"

मी वळून पाहिलं. दार उघडं होतं. दारात आई, तिच्यामागे बाबा, हातात वर्तमानपत्र तसंच.

"फार नाही," मी म्हटलं.

"मग ठीक. मी बोलतोय तुमच्याशी. मेकॅनिक निघालाय."

मला चांगलं माहीत होतं की कुणी निघालेलं नाही. कुठल्याही बाकावर कुणीही, हातात चहा घेऊनसुद्धा, माझ्यासाठी बसलेलं नाही. काकांनाही माहीत होतं. तरी ते बाबांकडे बघत म्हणाले, तसंच, ठामपणे, कप ओठाशी थांबवायला लावणाऱ्या आवाजात.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं. सगळे विचारतात.

काकांनी वेळ सांगितली नाही. एक सफरचंद काढलं, चाकू मागितला, आणि एका बाईंची गोष्ट सुरू केली, ज्या दोन मजल्यांच्या मधे अडकल्या होत्या आणि ज्यांना कुठल्यातरी मूर्खाने सांगितलं होतं, पाच मिनिटं.